नव्वद दिवसांचा दाखला कोणाच्या नावावर?

(बीड येथे बांधकाम मजूर बाया आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



आपल्या बीड जिल्ह्यातली बाई साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ती ऊसतोड कामगार म्हणून. दसरा-दिवाळी झाली की घराला कुलूप लागते आणि नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. उचल नवऱ्याच्या हातात पडते, मुकादम हिशेबही त्याच्याशीच करतो. पण उन्हाळ्यात टोळ्या गावी परतल्यावर ही बाई काय करते, हे फारसे कोणी विचारत नाही. ती माल कालवते, घमेली उचलते, विटा-वाळू वाहते, खडी फोडते. काही जणींनी तर ऊसतोड सोडून बीड-परळीत किंवा पुण्यात वर्षभर बांधकामच धरले आहे. आज बोलायचे आहे ते या कामाच्या कागदाबद्दल.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केंद्राने दोन कायदे केले. एक कामाच्या अटींचा, दुसरा उपकराचा. बांधकाम खर्चाच्या १ टक्का रक्कम मालकाने भरायची आणि ती राज्याच्या मंडळाने मजुरांसाठी वापरायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या कामगार संहितांमध्ये गेले, पण आपल्या कामाची अट तीच राहिली. वय १८ ते ६०, आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचे काम. यात कुशल-अकुशल असा भेद नाही. गवंडी जितका बांधकाम कामगार, तितकीच त्याच्या हाताखालची बिगारी बाईही. तेव्हा मंडळाचा पैसा ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ज्या भिंतीसाठी आपण घमेली वाहिली, तिच्याच किमतीतून तो बाजूला काढलेला आहे.

अडचण येते ती ९० दिवसांच्या दाखल्यापाशी. हा दाखला गुत्तेदार, बांधकामाचा मालक देऊ शकतो. गावात ग्रामसेवक, शहरात नगरपरिषदेचा अधिकारी देतो. ऐकायला सोपे वाटते. पण आपल्या बाईचे ९० दिवस एका ठिकाणी नसतात. आठ दिवस घरकुलावर, पंधरा दिवस नालीच्या कामावर, मग पावसाने खाडा, मग पुन्हा चार दिवस. एवढ्या मालकांमागे ती कुठे फिरणार? गुत्तेदार सही टाळतो, कारण नाव कागदावर आले की मजुरीचा आणि अपघाताचा प्रश्न त्याच्या दारात येतो. आणि ग्रामसेवक विचारतो, "तू कामाला होतीस याला पुरावा काय?" तळहाताचे घट्टे दाखवून दाखला मिळत नाही.

त्यातून पुढची गोष्ट घडते. घरातला पुरुष मिस्त्रीच्या ओळखीने दाखला आणतो, त्याचे कार्ड निघते आणि बाईचे नाव त्याच्या अर्जात 'पत्नी' म्हणून लागते. घरोघरी ऐकायला मिळते, "एकाचं झालं ना, मग बाईला वेगळं कशाला?" कोयत्याचा हिशेब बांधकामावरही येतो तो असा.

वेगळे का, ते सांगते. नोंदीत पुरुषाच्या पत्नीला बाळंतपणासाठी मदत मिळते, साध्या बाळंतपणाला १५ हजार, शस्त्रक्रिया झाली तर २० हजार. मुलांच्या शिक्षणाची मदतही मिळते. इथवर ठीक. पण कामावर मृत्यू आला तर वारसाला ५ लाख रुपये मिळतात ते नोंदीत कामगाराच्या मृत्यूबद्दल. पत्नी म्हणून नाव असलेली बाई डोक्यावर घमेले घेऊन शिडीवरून पडून गेली, तर मंडळाच्या लेखी कामगार मेलाच नाही. आणि नवऱ्याने टाकून दिले तर? कार्ड त्याच्यासोबत जाते. आपल्या मराठवाड्यात परित्यक्तांचा प्रश्न आपण वर्षानुवर्षे मांडत आलो. ज्या बाईला आधाराची सर्वात जास्त गरज, तिच्याच हातात कागद नसतो.

दुसरीकडे दलाल वस्तीत येतात आणि सांगतात, "पैसे द्या, भांड्यांचा संच मिळेल." ज्यांनी कधी पाटी उचलली नाही त्यांचीही नावे अशीच लागतात. मग तपासणी कडक झाली की भरडली जाते ती खरी मजूर बाई. कार्ड भांड्यांसाठी नाही, आपण कामगार आहोत या नोंदीसाठी आहे, हे वस्तीत बसून सांगावे लागेल.

आणखी एक दाखला आहे, हुन्नराचा. बाई वीस वर्षे काम करून बिगारीच राहते आणि काल आलेला पोरगा थापी धरून दोन वर्षांत मिस्त्री होतो. बाईला ओळंबा धरता येत नाही म्हणून हे होत नाही, तिच्या हातात तो कोणी देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक झाल्या. कोणते बांधकाम भूकंपात टिकते, हे त्यांनी शिकून गावाला समजावले. काही जणींनी गवंडीकामही शिकून घेतले. झारखंडात शौचालये बांधणाऱ्या बायांना 'रानी मिस्त्री' असे नावच पडले. आपल्याकडेही कौशल्य प्रशिक्षणाच्या आणि आधीच्या अनुभवाला प्रमाणपत्र देण्याच्या सरकारी योजना आहेत. तिथे बायांना शिवणकाम आणि पार्लरच पुढे केले जाते. आपण गवंडीकाम मागायला हवे.

तर करायचे काय? पहिले, प्रत्येक वस्तीत एक हजेरी वही ठेवू. तारीख, काम, ठिकाण, गुत्तेदाराचे नाव, मिळालेली मजुरी. लिहिता येणारी मुलगी रोज संध्याकाळी लिहील. दुसरे, दर आठवड्याला मजुरी घेतानाच वहीत सही घ्यायची. वर्षाअखेरीला मागायला गेले की कोणी ओळख देत नाही. तिसरे, ग्रामसेवकाकडे एकटीने जायचे नाही. दहा-बारा जणींनी लेखी अर्ज घेऊन जायचे, पोच घ्यायची, आणि नाकारले तर कारण लेखी मागायचे. चौथे, बँक खाते आणि आधाराशी जोडलेला मोबाईल बाईच्या स्वतःच्या ताब्यात हवा. नाहीतर नाव तिचे आणि पैसा दुसऱ्याचा असे होईल. पाचवे, नोंदणी एकदा होऊन संपत नाही. दरवर्षी नूतनीकरण लागते आणि त्याला पुन्हा ९० दिवसांचा दाखला. म्हणून वही बंद पडू द्यायची नाही.

घरात जोडीने नोंदणी व्हायला काहीच हरकत नाही. फक्त कार्डे दोन असली पाहिजेत. घमेली दोघांनी उचलली आहेत. तेव्हा आजपासून वहीत जी पहिली ओळ लिहाल, तिच्यात 'अमक्याची बायको' असे लिहू नका. स्वतःचे नाव लिहा आणि त्याच्यापुढे 'बांधकाम कामगार' असे लिहा.