गिटारवरचे चित्र आणि स्वमग्नतेची खूण



वाद्य कानी पडण्यापूर्वी डोळ्यांना दिसते. वादक रंगमंचावर येतो, वाद्याचा पट्टा खांद्यावर सरकवतो, आणि पहिली तार छेडली जाण्याआधीच श्रोत्यांनी त्याच्याविषयी काही ग्रह करून घेतलेला असतो. गिटारवादकांनी या गोष्टीचा जाणीवपूर्वक उपयोग करून घेतला आहे. अमेरिकेतील लोकगायक वूडी गथ्री यांनी १९४० च्या दशकात आपल्या गिटारवर फॅसिझमचा धिक्कार करणारे शब्द लिहिले. १९६७ मध्ये सायमन पोस्थुमा व मारिके कोखर या डच चित्रकारांनी एरिक क्लॅप्टन यांची गिब्सन गिटार देवदूत, ज्वाळा आणि तारका यांनी भरून टाकली. त्याच वर्षी बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांनी आपली फेंडर गिटार स्वहस्ते झगझगीत रंगांत रंगविली. तिच्या माथ्यासाठी तर त्यांनी पत्नीचा नखांना लावावयाचा रंग वापरला. जून १९६७ मध्ये अनेक देशांत एकाच वेळी प्रक्षेपित झालेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ती गिटार असंख्य लोकांनी पाहिली. प्रक्षेपण कृष्णधवल होते, ही गोष्ट वेगळी.

सामाजिक कार्याकडे लक्ष वेधण्यासाठी गिटार खास रंगवून घेण्याची पद्धत याच परंपरेतून आली आहे, आणि स्वमग्नता हा अशा कार्यांपैकी एक विषय होय. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर २००७ रोजी ठराव करून २ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन ठरविला आणि २००८ पासून तो पाळला जाऊ लागला. त्या निमित्ताने एखादा वादक, पालक किंवा शिक्षक रंगाऱ्याकडे गिटार घेऊन जातो. रंगारी विचारतो, "चित्र कोणते काढावयाचे?" बहुधा उत्तर तयार असते: कोड्याचा तुकडा. खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

तुकड्याची कथा

१९६३ मध्ये इंग्लंडमधील स्वमग्न मुलांसाठी नव्याने निघालेल्या संस्थेने ही खूण स्वीकारली. तिच्या कार्यकारी मंडळावरील जेराल्ड गॅसन यांनी ती सुचविली होती. मूळ चित्रात तुकड्याच्या आत रडणारे मूल होते. त्या पालकांच्या मनःस्थितीचा विचार केल्याशिवाय या चित्राला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. मातेच्या थंडपणामुळे मूल असे होते, हे मत त्या काळी अनेक तज्ज्ञ मांडीत असत. ब्रूनो बेटलहाइम यांचा त्याच मताचा गाजलेला ग्रंथ तर १९६७ मध्ये, म्हणजे या खुणेनंतर, प्रसिद्ध झाला. आपले मूल समजत नाही आणि दोष मात्र आपल्या माथी, अशा अवस्थेतील माणसांनी कोडे हे प्रतीक निवडले, यात नवल नाही. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेत रंगीबेरंगी तुकड्यांची फीत आली आणि ही खूण सर्वतोमुखी झाली.

परंतु ज्या मुलांसाठी ती काढली गेली, ती मुले मोठी झाली. त्यांच्यापैकी पुष्कळांनी लिहावयास, बोलावयास प्रारंभ केला आणि या चित्राला हरकत घेतली. तुकडा म्हणजे काहीतरी उणे, काहीतरी हरवलेले. आणि मूलच का, प्रौढ माणूस का नाही? ही हरकत दुर्लक्षिण्याजोगी नाही. मूळ संस्थेने ती खूण सोडून दिली. 'ऑटिझम' या संशोधनपर नियतकालिकानेही २०१८ मध्ये आपल्या मुखपृष्ठावरून तुकडा काढून टाकला. त्याऐवजी अनेक स्वमग्न व्यक्ती अनंताचे चिन्ह, म्हणजे आडवा पडलेला इंग्रजी आठ, इंद्रधनुष्याच्या रंगांत वापरतात. २००५ पासून १८ जून हा स्वमग्नता अभिमान दिन साजरा होतो, त्याच्याशी हे चिन्ह जोडले गेले आहे. काही जण केवळ सोनेरी रंग पसंत करतात. सोन्याची रासायनिक संज्ञा 'एयू' ही 'ऑटिझम' या इंग्रजी शब्दाची पहिली दोन अक्षरे आहेत, एवढेच त्याचे कारण. पण युक्ती चतुर आहे.

शब्दसुद्धा चित्र काढतो. 'ऑटोस' म्हणजे 'स्व' या ग्रीक शब्दावरून ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास ही संज्ञा वापरली ती स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. बॉल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करताना ती नव्या अर्थाने योजिली. मराठीतील 'स्वमग्नता' हा शब्द सुबक आहे. मात्र तो ऐकताच जगाकडे पाठ करून बसलेली व्यक्ती डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात स्वमग्नता हे मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण होय. संवादाची रीत निराळी असते, ठरावीक क्रमाची ओढ असते, आणि आवाज, प्रकाश, वास, स्पर्श यांची जाणीव पुष्कळदा इतरांहून फार तीव्र किंवा फार मंद असते. गोंगाटातून उठून गेलेल्या मुलाला माणसांचा कंटाळा असेलच असे नाही. आपल्याकडे राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या दोन्ही कायद्यांत स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आहे. कायद्याने ओळख दिली, तरी समाजाच्या मनातील चित्र अजून जुनेच आहे.

लाकडावरील काम

गिटारचा दर्शनी भाग हा कागदासारखा सलग फलक नव्हे. विजेवर चालणाऱ्या गिटारमध्ये मधला भाग पिकअप, घोडी व संरक्षक पट्टी यांनी व्यापलेला असतो. वरच्या कडेवर वादकाचा हात टेकतो. मध्यभागी काढलेली आकृती तेथे तुटूनच दिसते. अनंताचे चिन्ह घ्यावयाचे तर त्याची एक वेटोळी वरच्या शिंगाकडून आणि दुसरी खालच्या फुगीर भागावरून नेली, तर ते लांबून वाचता येते. बारीक अक्षरे पाठीमागे टाकावीत. पोकळ गिटारच्या वरच्या फळीवर रंगाचे जाड थर देऊ नयेत. तिच्या कंपनावरच आवाज अवलंबून असतो. भरीव गिटारला ती अडचण फारशी नाही.

तारा, दांडी आणि धातूचे सर्व भाग काढून घ्यावे लागतात. दांडी बसण्याची खाच चिकटपट्टीने झाकावी, नाही तर रंगाच्या थरामुळे दांडी नीट बसत नाही. लाकूड घासून, त्याची छिद्रे भरून, अस्तर, मग रंग, मग पारदर्शक लेप. पट्ट्यापट्ट्यांची आकृती हवी असल्यास एक रंग मारून त्यावर चिकटपट्टी लावावी, दुसरा रंग मारावा व पट्टी सोडवावी. एडी व्हॅन हेलन यांची प्रसिद्ध गिटार याच साध्या युक्तीने घडली. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन लेपात आयसोसायनेट असते, म्हणून तो फवारताना साधा रुमाल तोंडाला बांधून भागत नाही. योग्य श्वसनरक्षक हवाच.

शेवटचा लेप चकचकीत असावा अशी बहुतेकांची इच्छा असते. ही गिटार स्वमग्न मुलांच्या हाती जाणार असेल, तर मात्र थोडे थांबावे. दिव्यांच्या झोतात चकचकीत पृष्ठभाग डोळ्यांवर चमकतो, आणि काहींना ती चमक असह्य होते. मंद झळाळीचा लेप अशा वेळी बरा. पण सर्वांना एकच नियम लावता येत नाही. एखादे मूल नेमके त्या चमकेसाठीच गिटारकडे धाव घेईल. म्हणून रंगाचे दोनतीन लहान लाकडी नमुने करून ते स्वमग्न व्यक्तींच्या हाती द्यावेत. त्यांनी बोलूनच मत सांगितले पाहिजे असे नाही. कोणता नमुना हातात राहतो आणि कोणता बाजूला सारला जातो, हे पाहिले तरी पुरे. रंगाऱ्याने या भेटीस स्वतः हजर असावे, मध्यस्थावर सोपवू नये.

नायट्रोसेल्युलोज लाखेचा वास कित्येक आठवडे रेंगाळतो आणि ती तितकाच काळ कठीण होत राहते. घाईने घासून चकाकी दिली, तर थर पुढे आक्रसतो आणि लाकडाच्या रेषा वर उमटतात. २ एप्रिल रोजी गिटार रंगमंचावर यावी असे वाटत असेल, तर फेब्रुवारीच्या आरंभी तिचा रंग पूर्ण झालेला असावा, आणि नमुन्यांचे ते लाकडी तुकडे त्यापूर्वी, जानेवारीतच, हातोहाती फिरलेले असावेत.