अडलेलं शटर

नागपूरच्या जरीपटक्यात कुणाला माळा आवरताना रिळाचा जुना कॅमेरा सापडतो, कुणी हौसेनं सेकंडहँड विकत घेतं. बटण दाबावं, तर शटर ढिम्म! लगेच पेचकस हाती घेऊ नका.

रीळ सरकवायची दांडी शेवटापर्यंत फिरवली का? अर्धवट राहिली, तर बटण दबतच नाही. मग सेल पाहा. १९७६ साली आलेला कॅनन एई-१ सहा व्होल्टच्या सेलशिवाय शटर उघडत नाही. त्याच वर्षीच्या पेंटॅक्स के-१०००ला सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजायला. कप्प्यात हिरवट बुरशीसारखा थर दिसला, तर कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन तो पुसा.

एवढ्यानं भागलं नाही, तर आत रीळ नसल्याची खात्री करून मागचं झाकण उघडा. कापडी पडदा असेल, तर बोट लावू नका. सुरकुती पडली की गेलाच. भिंगातल्या पात्यांवर तेलकट चकाकी दिसली, तर वंगण पसरून पाती चिकटली आहेत. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या कॅमेऱ्याचं हेच होतं. आणि हो, शिवणयंत्राचं तेल? अजिबात नको! असा कॅमेरा कारागिराकडेच न्यावा.