‘बाँडेड’ म्हणजे काय?



एका इंग्रजी विशेषणावर व्याख्यान, तेही आमच्यासारख्या सातवीपर्यंत शिकलेल्याचे, म्हणून हसू नका. इंग्रजी आम्ही कायद्याच्या पुस्तकांतून, ओळीवर बोट ठेवून शिकलो. त्यातला ‘बाँडेड’ हा शब्द शहापूर-मुरबाडच्या कातकरी बांधवांना फार महाग पडला आहे.

आपल्याकडे बाँड म्हणजे स्टँपाचा कागद. पावसाळ्यात चूल थंडावली की कातकरी वीटभट्टीवाल्याकडून बयाणा घेतो आणि दिवाळीनंतर बायकामुलांसह भट्टीवर जातो. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब मालकाच्या वहीत. पावसाच्या तोंडाला पाहावे तर अंगावर बाकी! म्हणजे पुढल्या साली तीच भट्टी. अशा एका कुटुंबाला घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, “बाँड कुठे आहे? नाही? मग हा बाँडेड कसा?” आम्ही गप्प बसलो. कुटुंब भट्टीवर परत गेले. ते गप्प बसणे अजून सलते.

मग १९७६ चा वेठबिगारी नष्ट करणारा कायदा काढून बसलो. बाँडेड म्हणजे कागद केलेला नव्हे. बाँडेड म्हणजे बांधलेला. आपला ‘बंध’ आणि तो ‘बाँड’ एकाच कुळातले. करार तोंडी असला तरी चालतो, असे कायदाच सांगतो. उचलीपायी ज्याला दुसरीकडे काम करता येत नाही, मोकळे हिंडता येत नाही, तो बांधलेला. आणि कर्ज तसले नाही हे शाबीत करायचे सावकाराने, मजुराने नव्हे!

बंदरावर ‘बाँडेड’ गोदामे असतात. जकात भरली की तिथला माल सुटतो. माणसाची बाकी मात्र फिटता फिटत नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज काढून सावकाराकडे राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले ते याच वेठीविरुद्ध. त्या गड्यांना कोणी स्टँप मागितला होता?

पुढल्या खेपेस दुसऱ्या एका मजुराला घेऊन गेलो. पुन्हा तोच प्रश्न. आम्ही म्हटले, “साहेब, कागद राहू द्या. याला एवढेच विचारा, उद्या दुसऱ्या भट्टीवर जाशील काय?”

साहेबांनी विचारले. त्या माणसाने आधी मागे वळून दाराकडे पाहिले, भट्टीवाला उभा तर नाही ना म्हणून. साहेबांनी जबाबाचा कागद पुढे ओढला.