हाफ तिकीट

आमटी अळणी असताना "छान झालीय" म्हणणं, कंटाळलेलो असताना पाहुण्यांना "बसा की, घाई काय" म्हणणं, या खोट्याचा मी फार बाऊ करत नाही. पण एक हाफ तिकीट मला अजून टोचतं.

एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. आम्ही साताऱ्याहून पुण्याला निघालो, तेव्हा मुलाला तेरावं लागलं होतं. कंडक्टरने विचारलं, "वय?" मी म्हणालो, "अकरा." मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. रात्री म्हणाला, "बाबा, शाळेत कुणी विचारलं तर किती सांगू?"

गांधीजींनी पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातलं सोनं चोरलं, भावाचंच पंचवीसेक रुपयांचं कर्ज फेडायला. तोंडाने सांगवेना, म्हणून चिठ्ठी लिहून वडिलांच्या हाती दिली. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. तिथे मुलगा बापापुढे उभा होता. इथे बापाला मुलापुढे उभं राहायचं होतं. "माझं चुकलं", एवढे दोनच शब्द. त्याला दोन दिवस लागले.

परतताना मी दोन फुल तिकिटं मागितली. कंडक्टर म्हणाला, "पोरगं लहान दिसतंय, हाफ चालेल की!" मी मुलाकडे पाहिलं.

"तेरावं चालू आहे, काका," तो म्हणाला.