पडद्यावरील आगगाडी आणि मुलुंडची लोकल

संगणकाच्या पडद्यावर आगगाडी चालविणें हा आतां केवळ पोरखेळ राहिलेला नाहीं. वेगाची मूठ, ब्रेक, सिग्नल, रुळांचे चढउतार हें सारें त्यांत खऱ्याबरहुकूम असतें. आणि घरबसल्या मोटरमन होणाऱ्या हौशी मंडळींत प्रौढ माणसेंहि पुष्कळ आढळतात. २००१ सालीं निघालेल्या मायक्रोसॉफ्टच्या खेळांत टोकियोच्या ओदाक्यू मार्गाचा समावेश होता. पुढें अशा खेळांत न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडचा मार्ग आला, जर्मनींतील लाइप्झिगची उपनगरी गाडीहि आली. मग मुंबईच्या लोकलचा कोणता मार्ग खेळासाठीं सुचवावा, आणि तो कसा दाखवावा, हा प्रश्न ओघानेंच येतो.

अंधेरी-बोरिवलीचा पश्चिम मार्ग गर्दींत कोणास हार जाणारा नाहीं. तरीहि पहिला मान मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणाऱ्या धीम्या लोकलला द्यावा. १८५३ सालच्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्याकडे निघालेली पहिली उतारूंची गाडी तीन इंजिनें, चौदा डबे व सुमारें चारशें निमंत्रित घेऊन याच वाटेनें गेली. आज मुलुंडहून निघालेली धीमी गाडी सुमारें ३१ किलोमीटरांत १८ स्थानकें घेते. म्हणजे दोन स्थानकांतील अंतर सरासरीनें दोन किलोमीटरहि भरत नाहीं. वेग घ्यावा न घ्यावा तोंच पुढचा फलाट दिसूं लागतो. घाटकोपरला मेट्रोचे उतारू मिळतात, कारण २०१४ पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोनें दोन उपनगरी मार्ग जोडले आहेत. कुर्ल्यास हार्बर मार्ग येऊन मिळतो आणि दादरला पश्चिम रेल्वेची गांठ पडते.

चालकाच्या कौशल्यास येथें वाव मोठा आहे. जुन्या गाडींत मोटरमनला हाताखालची मूठ दाबून धरावी लागते. हात सुटला कीं गाडीस आपोआप ब्रेक लागतो. शेवटच्या डब्यांतील गार्डनें, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, घंटेची खूण केल्यावांचून गाडी हलत नाहीं. स्वयंचलित सिग्नल तांबडा असल्यास थांबणें भागच असतें. परंतु दिवसा १ मिनिट व रात्रीं २ मिनिटें वाट पाहून अत्यंत सावधपणें पुढें सरकण्याची मुभा आहे. पावसाळ्यांत रुळांवर पाणी चढलें म्हणजे ही सावधगिरीहि पुरी पडत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि लोकल जागच्या जागीं उभ्या राहिल्या.

परंतु एवढें सर्व हुबेहूब उतरलें तरी तें अर्धेंच चित्र होईल. १९९६ सालीं जपानांत निघालेल्या ‘देन्शा दे गो’ या खेळांत गाडी ठरल्या वेळीं व ठरल्या जागीं उभी करण्यावर गुण मिळत. मुंबईंत त्या ‘ठरल्या जागे’चा अर्थ निराळाच होतो. आपला डबा कोणत्या खांबापाशीं येतो हें नित्याच्या उतारूस तोंडपाठ असतें. गाडी दहा हात पुढें गेली, तर महिलांच्या डब्यासाठीं उभ्या असलेल्या बायकांना गर्दींतून वाट काढीत धांवावें लागतें. आणि गाडी थांबते ती अर्धें मिनिट! पडद्यावरचे फलाट ओस ठेवले, तर ही धांवपळ दिसायची कोठें? ती दिसली नाहीं, तर डबे मुंबईचे असले तरी गाडी मुंबईची म्हणतां येणार नाहीं.

गर्दी दाखवावयाची, तर तिची थट्टा मात्र होतां कामा नये. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींजवळून जात असतां दारांत लोंबकळणारे उतारू खालीं पडले व त्यांतील कांहीं प्राणांस मुकले. २५ डिसेंबर २०१७ रोजीं पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल सुरू झाली. तिचीं दारें आपोआप मिटतात, पण बहुसंख्य गाड्यांचीं दारें त्यानंतरहि उघडींच राहिलीं. पूल चढण्याचा कंटाळा करून रूळ ओलांडणारा माणूस तर रोजचाच. भरधांव गाडी ब्रेक लागल्यावरहि शेंकडों हात पुढें जाते, हें त्याला ठाऊक नसतें. मोटरमनला तें पुरतें ठाऊक असतें, आणि डोळ्यांदेखत घडणारें टाळण्यास त्याच्या हातीं शिटीखेरीज फारसें कांहीं उरत नाहीं. म्हणून खेळांत अपघाताचा तमाशा नसावा. रुळांवर माणूस दिसतांच शिटी द्यावी, ब्रेक लावावा, आणि गाडी किती पुढें जाऊन थांबली एवढेंच पडद्यानें सांगावें.

अशा खेळांतून एकहि मोटरमन तयार झाला नाहीं तरी बिघडत नाहीं. मुलुंडचा एखादा मुलगा सुटींत पडद्यावर ही गाडी चालवील. ब्रेक वेळेवर लावूनहि ती थांबत नाहीं, हा अनुभव त्याला दहा वेळां येईल. दुसऱ्या दिवशीं शाळेला उशीर होत असतांहि त्याचे पाय रुळांकडे न वळतां पुलाच्या पायऱ्यांकडे वळले, तर त्या खेळाचें चीज झालें.