जरेचा संकेत



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी एक क्षुद्र सागरी प्राणी निवडला आहे. त्याचे नाव हायड्रॅक्टिनिया. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, खेकडा ज्या रिकाम्या शंखात घर करतो त्या शंखावर, त्याची वसाहत वाढते. त्याच्या मूलपेशी देहाच्या खालच्या भागात असतात, मुखाकडे नसतात. तरीही मुखाचा तुकडा कापून वेगळा ठेवला, तर त्यापासून संपूर्ण देह घडतो. हे कसे?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचा उलगडा केला. जखमेजवळील काही पेशी वृद्ध होतात. त्यांच्या संकेताने शेजारच्या पेशी आपले ठरलेले काम सोडून पुन्हा मूलपेशी बनतात. वृद्धत्व आणणारे जनुक निकामी केले, तेव्हा पुनर्निर्मिती झाली नाही. कार्य संपताच हा प्राणी त्या वृद्ध पेशी मुखावाटे बाहेर टाकतो. मनुष्यदेहात मात्र वयोमानानुसार अशा पेशी साचत जातात आणि उतारवयातील विकारांना हातभार लावतात.

जरा ही जीवनाची वैरीण, असे आपण मानत आलो. तिचा संकेत घेऊन तिचे ओझे टाकणे मनुष्याला कधी साधेल काय? हा प्रश्न मी समोर बसलेल्या विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करतो.