मध्यंतरानंतरचा नायक

अमेरिकेच्या दक्षिण भागांत अलाबामा नांवाचें राज्य आहे. त्यांतील टस्कलूसा हें विद्यापीठाचें शहर. वस्ती सुमारें एक लाख. आणि विद्यापीठाच्या क्रीडांगणांतील बैठकाहि एक लाखाहून थोड्या अधिकच. सामन्याच्या शनिवारीं अख्खें शहर उचलून क्रीडांगणांत ठेवलें तरी कांहीं बैठका रिकाम्या राहाव्या! त्या राहत नाहींत; कारण राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मंडळी आधींच येऊन ठेपलेली असते, तंबू ठोकते, शेगड्या पेटवते आणि सामना सुरू होण्यापूर्वींच तो तोंडानें चार वेळां खेळून घेते. हे लोक खेळाडूंचे आप्त नव्हेत, आणि पुष्कळांनीं तर त्या विद्यापीठाची पायरीहि चढलेली नसते. तरी संघ हरला कीं त्यांच्या घरीं सुतक येतें. बर्मिंगहॅम येथें सुरू झालेल्या पॉल फाइनबॉम यांच्या रेडिओ-कार्यक्रमांत हीं माणसें दूरध्वनीवरून आपलें मन मोकळें करीत आलीं आहेत. २०११ सालीं एका गृहस्थानें त्याच कार्यक्रमांत, प्रतिस्पर्धी ऑबर्न विद्यापीठाजवळच्या जुन्या ओक वृक्षांना आपण विष घातलें, असें सांगून टाकलें. आणि दुर्दैवानें तें खरें निघालें. भक्ति कोणत्या थरास जाते, हें यावरून ताडावें.

या खेळाचा ज्यांना परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. या फूटबॉलचें आपल्याकडील फूटबॉलशीं नातें नांवापुरतेंच. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. एका बाजूस अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावा, हा सर्वसाधारण नियम. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं चेंडू येतो तो क्वार्टरबॅक या गड्याच्या हातीं. तो दुसऱ्याला सोपवावा, स्वतः घेऊन धांवावें, कीं दूरवर फेंकावा, हें त्यानें दोन-तीन सेकंदांत ठरवावयाचें, आणि तेंहि सव्वाशे-सव्वाशे किलोंचे गडी अंगावर चालून येत असतां! संघ जिंकला तर जयजयकार त्याचा, हरला तर खापर त्याच्याच माथीं.

जेलन हर्ट्स हा टेक्सस राज्यांतील चॅनेलव्ह्यूचा मुलगा. वडील तेथील शाळेच्या संघाचे प्रशिक्षक. २०१६ सालीं तो अलाबामांत दाखल झाला. मोसमाच्या पहिल्या सामन्यास आरंभ दुसऱ्याच एका विद्यार्थ्यानें केला होता; त्याच्या जागीं हर्ट्सला धाडण्यांत आलें. अलाबामानें सदर्न कॅलिफोर्नियाचा ५२–६ असा फडशा पाडला, आणि तो दुसरा विद्यार्थी महिन्याभरांत विद्यापीठ सोडून गेला. त्याचें नांव पुढें क्वचितच निघालें. नवी विटी, नवें राज्य! हर्ट्सचा उदय झाला तो असा, हें पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवावें.

दोन वर्षांत हर्ट्सनें ज्या २८ सामन्यांचा आरंभ केला त्यांपैकीं २६ अलाबामानें जिंकले. जानेवारी २०१७ मधील राष्ट्रीय अंतिम सामन्यांत शेवटचीं दोन मिनिटें उरलीं असतां तो स्वतः ३० यार्ड धांवला आणि त्यानें संघाला पुढें नेलें. परंतु एक सेकंद बाकी असतां क्लेम्सननें डाव साधला व सामना ३५–३१ असा हिरावून घेतला. त्यांत या मुलाचा दोष कोणता? पण त्या रात्रीपासून कुजबुज सुरू झाली कीं पोर धांवतें चांगलें, परंतु त्याच्या फेंकीला लांबीची ऐट नाहीं. २०१७ च्या मोसमांत त्याची केवळ एकच फेंक प्रतिपक्षानें पकडली. सावधपणाची याहून मोठी साक्ष नको. पण हाच सावधपणा टीकाकारांच्या डोळ्यांत खुपूं लागला. नोव्हेंबरांत ऑबर्नकडून २६–१४ अशी हार झाल्यावर कुजबुजीचा गलका झाला.

८ जानेवारी २०१८ रोजीं अॅटलांटा येथें राष्ट्रीय अंतिम सामना झाला. प्रतिपक्ष जॉर्जिया. मध्यंतरास जॉर्जियाचे १३ गुण, अलाबामाचें शून्य. हर्ट्सच्या आठ फेंकींपैकीं तीन साधल्या होत्या, आणि त्यांतून मिळाले होते अवघे २१ यार्ड. प्रशिक्षक निक सेबन यांनीं त्याला बसविलें आणि हवाई बेटांतून आलेल्या, प्रथम वर्षाच्या, डावखोऱ्या टूआ टागोव्हाइलोआ याला मैदानांत उतरविलें. या मुलाच्या फेंकी लांब व धाडसी, चुकाहि तशाच. त्याची एक फेंक प्रतिपक्षाच्या हातीं गेली. तरी सामना २०–२० असा बरोबरींत आला. जादा डावांत जॉर्जियानें तीन गुण मिळविले. नंतर टूआ पहिल्याच प्रयत्नांत १६ यार्ड मागें रेटला गेला. एक लाख डोक्यांवर हात गेले असतील! आणि लगेच दुसऱ्या प्रयत्नांत त्यानें ४१ यार्डांची फेंक डेव्होंटा स्मिथच्या हातांत नेऊन ठेवली. २६–२३. अलाबामा राष्ट्रविजेता.

त्या रात्रीं आनंदाला भरतें आलें, तें स्वाभाविकच होतें. परंतु सकाळ झाल्यावर भाविकांच्या मनांत एक अवघडलेपण शिरलें. ज्यानें २६ सामने जिंकून दिले, त्याचें आतां काय? विद्यार्थी-खेळाडूंना त्या काळीं शिष्यवृत्ति व राहण्याजेवण्याचा खर्च यांपलीकडे कांहीं मिळत नसे, आणि प्रशिक्षकांचें वेतन मात्र वर्षास कित्येक दशलक्ष डॉलर. पगारी नोकरास काढलें तर तो व्यवहार झाला. एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यास देशादेखत बाजूस सारलें, तर त्याला काय म्हणावें? एका पक्षाचें म्हणणें, जागा कोणाच्या मालकीची नसते, जो अधिक चांगला त्यानें खेळावें. दुसरा पक्ष म्हणे, ही तर गरज सरो, वैद्य मरो. मौज अशी कीं एकच माणूस न्याहारीच्या वेळीं एका पक्षांत व रात्रीच्या जेवणास दुसऱ्या पक्षांत असे.

खेळाच्या दृष्टीनें सेबन यांचा निर्णय बरोबर होता, याविषयीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. उणें राहिलें तें अन्यत्र. ऑगस्टमध्यें हर्ट्सनें वार्ताहरांना उघड सांगितलें कीं इतके महिने गेले, पण तुला काय वाटतें, हें आपल्याला कोणी विचारलेंच नाहीं. जागा गेल्याचें दुःख माणूस गिळतो. न विचारल्याचें गिळणें कठीण जातें.

२०१८ चा मोसम टूआच्या हातीं सुरू झाला आणि अलाबामानें लुईव्हिलला ५१–१४ असें लोळविलें. त्याच वर्षीं नवा नियम आला होता: चारपर्यंत सामने खेळलेल्या विद्यार्थ्यानें पुढें थांबल्यास त्याचें तें वर्ष हिशेबांत धरूं नये. त्यामुळें चार सामने होतांच दुसऱ्या विद्यापीठाचा मार्ग धरण्याची सोय झाली. तिकडे क्लेम्सन येथेंहि तोच प्रसंग उद्भवला. आदल्या वर्षीं संघाला उपांत्य सामन्यापर्यंत नेणाऱ्या केली ब्रायंटच्या जागीं, चार सामन्यांनंतर, ट्रेव्हर लॉरेन्स हा प्रथम वर्षाचा विद्यार्थी नेमला गेला आणि ब्रायंट निघून गेला. लगेच येणाऱ्या शनिवारीं, २९ सप्टेंबरला, लॉरेन्स जखमी झाला; चेस ब्राइस या तिसऱ्याच गड्यानें ९४ यार्डांची मजल मारून सामना २७–२३ असा कसाबसा वांचविला. आणि त्याच शनिवारीं टस्कलूसा येथें काय घडलें? हर्ट्स आपला पांचवा सामना खेळण्यास उतरला. म्हणजे जाण्याची वाट त्यानें आपण होऊन बंद केली. प्रेक्षकांना त्याचा अर्थ कळला, आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो विजयाच्या टाळ्यांहून निराळा होता.

१ डिसेंबरला पुन्हां अॅटलांटा, तेंच क्रीडागृह, तोच जॉर्जिया. टूआला सूर सांपडेना. तिसऱ्या चतुर्थांशांत जॉर्जिया २८–१४ असा पुढें. फरक सात गुणांवर आला असतां शेवटच्या चतुर्थांशांत टूआचा घोटा दुखावला आणि हर्ट्स उठला. अकरा महिन्यांपूर्वीं ज्या भूमीवरून त्याला उठवून बसविलें होतें, तीच ही भूमि. त्यानें नऊ फेंकींपैकीं सात साधल्या, बरोबरी केली, आणि एक मिनिट व चार सेकंद उरले असतां स्वतः १५ यार्ड धांवून सामना ३५–२८ असा खिशांत घातला. ज्याला लांब फेंकतां येत नाहीं म्हणत, तोच हा! सामन्यानंतर बोलतांना सेबन यांचा कंठ दाटून आला. या कठोर गृहस्थांना तसें कोणी सहसा पाहिलेलें नव्हतें.

तथापि हकीकत येथें गोड होऊन थांबत नाहीं. ७ जानेवारी २०१९ रोजीं सांता क्लारा येथें अंतिम सामन्यांत क्लेम्सननें अलाबामाचा ४४–१६ असा धुव्वा उडविला. सेबन यांच्या अलाबामांतील कारकीर्दींत एवढ्या फरकानें हार कधीं झाली नव्हती. ज्या क्लेम्सनचा जुना गडी रुसून गेला, तो संघ पंधरापैकीं पंधरा सामने जिंकून अजिंक्य राहिला. ज्या अलाबामाचा जुना गडी निष्ठेनें राहिला, त्याच्या पदरीं ही नामुष्की. निष्ठेचें फळ अमुकच मिळतें, असा हिशेब मांडणाऱ्यांची त्या रात्रीं पंचाईत झाली असावी. पण चौदा विजय व एक पराजय अशा त्या मोसमाची गोष्ट अलाबामाच्या घरांत निघते, तेव्हां सांता क्लाराचा विषय चटकन् आटोपतो आणि बोलणें १ डिसेंबरवर रेंगाळतें. पराभव लपवावा एवढाच हेतु त्यांत असेल असें वाटत नाहीं. आदल्या जानेवारींतील अवघडलेपण त्या अर्ध्या तासांत थोडेंफार उतरलें होतें. तें उतरविलें मात्र ज्याच्यावर अन्याय झाला असें लोक म्हणत त्यानेंच, लोकांनीं नव्हे.

हर्ट्सनें डिसेंबर २०१८ मध्यें पदवी घेतली होती. तेव्हांच्या नियमांप्रमाणें पदवीधर खेळाडूस दुसऱ्या विद्यापीठांत जाऊन लगेच खेळतां येई. इतरांना बहुधा वर्षभर थांबावें लागे. तो ओक्लाहोमास गेला, आणि त्याच्यावर कोणी ठपका ठेवला नाहीं. पुढें फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघांत आधींच्या क्वार्टरबॅकच्या जागीं त्याचीच नेमणूक झाली. चक्र एक फेरा फिरलें. ९ फेब्रुवारी २०२५ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें त्यानें कॅन्सस सिटीच्या संघास ४०–२२ असें हरवून व्यावसायिक फूटबॉलचें सर्वोच्च पद जिंकलें, आणि त्या सामन्यांतील श्रेष्ठ खेळाडूचा मानहि त्यालाच मिळाला. क्रीडागृह तेंच होतें, जेथें १ जानेवारी २०१८ रोजीं अलाबामाच्या गणवेशांत त्यानें क्लेम्सनला २४–६ असें नमविलें होतें. तेव्हां त्याच्या आयुष्यांतील तें मध्यंतर अवघें सात दिवसांवर होतें.